पुस्तकात नाही, म्हणजे लढाईत नव्हते?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त सुभेदारांची उत्तरे

प्रश्न : सुभेदारसाहेब, सादर नमस्कार. दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून लिहिते आहे. माझे वडील 1963 साली फौजेत भरती झाले आणि 1979 च्या फेब्रुवारीत नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले. पुढे परळला एका गिरणीच्या गेटवर वॉचमन होते, 1982 चा संप झाला तसे कायमचे गावी आले. आता 83 वर्षांचे आहेत. ऐकायला कमी येतं, बाकी तब्येत बरी.

आमच्या ग्रामपंचायतीने गावातल्या माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरवलं. नावापुढे लढाई आणि पदकं लिहायची, म्हणून प्रत्येकाकडून डिस्चार्ज बुकाची (फौजेतून सुटताना मिळणाऱ्या पुस्तकाची) झेरॉक्स मागितली. बाबांच्या पुस्तकात चार पदकं आहेत : सैन्य सेवा मेडल, 1965 चं रक्षा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षं सेवेचं. 1971 चं एकही नाही. बैठकीत एकजण बोलला, "पुस्तकात नाही, म्हणजे लढाईत नव्हते." एरवी दोनदा हाक मारावी लागते, पण हे बाबांना बरोबर ऐकू गेलं. घरी आल्यावर म्हणाले, "माझं नाव घालू नको सांग त्यांना."

बाबा 71 बद्दल फारसं बोलत नाहीत. तेव्हा त्यांना पलटणीतून काढून रेशन आणि दारूगोळा नेणाऱ्या गाड्यांवर दुसऱ्या युनिटकडे दिलं होतं, एवढं सांगतात. परत आले तर बरोबरीच्यांची नावं 1971 च्या 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' या पदकांसाठी गेलेली. यांनी विचारलं, तर "तुझं पण येईल" असं उत्तर मिळालं. आमच्याकडे पुस्तक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र आहे. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांनी धाडलेल्या मनीऑर्डरींची कुपनं नि काही अंतर्देशीय पत्रं आहेत, पण ती घरगुती, त्यांचा काही उपयोग नसावा. आता पुस्तकात दुरुस्ती होईल का? कोणाला भेटावं? पलटणीचं नि आमचं नाव छापू नये, ही विनंती.
— एक मुलगी, दापोली तालुका

उत्तर : ताई, आधी ती ट्रंक उघडा. बाकीचं नंतर.

तुम्ही ज्याला घरगुती म्हणता ते तुमच्याकडचं सगळ्यात भारी कागदपत्र आहे. फौजीच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, रँक, नाव, युनिट, आणि खाली 'मार्फत 56 एपीओ' किंवा 'मार्फत 99 एपीओ'. एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. छप्पन्न म्हणजे ढोबळमानाने पश्चिम आणि उत्तर, नव्व्याण्णव म्हणजे पूर्व. मनीऑर्डरीच्या कुपनावर पाठवणाऱ्याने आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. 1971 च्या नोव्हेंबरपासून 1972 च्या शिमग्यापर्यंतची कुपनं आणि पत्रं वेगळी काढा. त्यांतल्या एखाद्यावर पलटणीऐवजी दुसऱ्याच युनिटचं नाव आणि खाली 99 एपीओ निघालं, तर तुमचं अर्धं काम झालं. फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का तारखेसकट वाचता आला, तर सोन्याहून पिवळं. आपल्या कोकणाला मनीऑर्डरीवर जगणारा मुलूख म्हणून हिणवत असत. तुमच्या आईने ती कुपनं पन्नास वर्षं कसरीपासून नि वाळवीपासून कशी राखली, ते एकदा त्यांना विचारा.

नुसत्या 99 एपीओवर हुरळून जाऊ नका. नागालँडमध्ये शांत बसलेल्या पलटणीचाही पत्ता तोच असे. म्हणून मी दुसऱ्या युनिटच्या नावावर एवढा अडून बसलो आहे.

आता पुस्तकाबद्दल. डिस्चार्ज बुक म्हणजे रेकॉर्ड नव्हे. ती रेकॉर्डवरून उतरवलेली नक्कल आहे, आणि ती उतरवणारा एक कारकून असतो. मी 1976 साली कारकून म्हणून भरती झालो आणि उमेदीची काही वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात अशीच पुस्तकं भरली. (कुठल्या, ते सांगत नाही. तुमच्या बाबांच्या पलटणीचं नव्हे, एवढं नक्की.) पद्धत अशी : पलटणीत शिपायाच्या बाबतीत जे घडेल, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, पदक, त्याची पार्ट टू ऑर्डर निघायची. ती रेकॉर्डला आली की शिपायाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रात, नोंद व्हायची. तो घरी निघाला की शीट रोल समोर ठेवून आम्ही पुस्तक भरायचो. ऑर्डर आली नाही, किंवा आली आणि भलत्याच्या शीट रोलला लागली, तर पुस्तकाच्या दृष्टीने ते पदक जगात नाही.

एका दुपारी एक हवालदार माझ्या टेबलासमोर उभा राहिला. वयाने माझ्या बापाएवढा नसला तरी थोरल्या काकाएवढा. पदकांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाबूजी, एक राहिलंय." मी शीट रोल उलटला, नोंद नव्हती. "कागदावर नाही," मी म्हणालो. त्याने वाद घातला नाही. संध्याकाळची गाडी होती, क्लिअरन्सचे सगळे शिक्के घेऊन झाले होते. त्याने सही केली आणि गेला. दोनेक महिन्यांनी दुसरंच काहीतरी शोधताना त्याची ऑर्डर त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाच्या कागदांत सापडली. नंबरात एका आकड्याचा फरक. मी ती जागच्या जागी लावली, शीट रोल दुरुस्त केला. पुस्तक त्याच्या घरी होतं, ते तसंच राहिलं. त्याला कळवावं हे तेव्हा मला सुचलं नाही. मी बावीस वर्षांचा होतो, ही काही सबब नव्हे.

म्हणून तुमच्या बैठकीतल्या त्या गृहस्थांना सांगा की पुस्तकात नाही याचा अर्थ 'पुस्तकात नाही' एवढाच.

बाबांच्या चार पदकांकडे मी कारकुनाच्या नजरेने पाहिलं. पंचविसाव्या वर्षाचं पदक 15 ऑगस्ट 1972 ला जे नोकरीत होते त्यांना मिळालं. म्हणजे त्या ऑगस्टात पलटणीच्या यादीत त्यांचं नाव होतं. 1965 चं रक्षा मेडलही लागलेलं आहे. हरवले आहेत ते मधले काही महिने. आणि फक्त पूर्वी स्टार गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तो पूर्वेकडच्या लढाईच्या क्षेत्रात प्रत्यक्ष सेवेसाठी आहे, तिथे कोण कुठे होता यावर घासाघीस होऊ शकते. संग्राम मेडल पुष्कळ सढळ हाताने दिलेलं आहे : 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा या भागांत सेवा केलेल्यांना, त्यात निमलष्करी दलांचे लोक आणि पोलीससुद्धा आले. पूर्वेकडच्या रस्त्यावर ट्रकवर बसलेल्या जवानाला ते चुकतं, याचा अर्थ नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे युनिटने पाठवलेल्या नावांच्या यादीत, नावच नव्हतं. पलटणीने रोल केला तेव्हा हे हजर नव्हते, आणि ज्यांच्याकडे दिले होते त्यांनी आपली माणसं मोजली, पाहुणा मोजला नाही. अटॅचमेंटवरच्या, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या युनिटकडे दिलेल्या, माणसाचं असं व्हायचं. ड्रायव्हर, स्वयंपाकी, वायरलेसवाले, यांच्या तक्रारी मी खूप पाहिल्या.

तेव्हा अर्जात 'पदक मिळावे' एवढंच लिहू नका. असं उत्तर येईल की 'अभिलेखात नोंद नाही', आणि ते खरंच असेल. अटॅचमेंट अमुक युनिटकडे, अमुक तारखेच्या सुमारास, तरी दोन्ही युनिटांच्या पार्ट टू ऑर्डरी आणि नॉमिनल रोल तपासावेत, असं लिहा. शोधणाऱ्याला कुठे शोधायचं ते सांगावं लागतं. त्याच्या समोर गठ्ठे असतात आणि पंखा वरच्या कागदांवर चालू असतो.

मागण्याही तीन वेगळ्या करा, कारण त्या तीन वेगळ्या टेबलांवर जातात. पहिली, शीट रोलचा प्रमाणित उतारा. दुसरी, 1971 च्या पदकांची नोंद करून तसं पत्र द्यावं. तिसरी, प्रत्यक्ष पदकं. तिसरीला वेळ लागतो, आणि तोवर कोणी 'बाजारात मिळतात' म्हणालं तर खोटं नाही. छावणीबाहेरच्या दुकानांत नकली संच टांगलेले असतात, नोकरीतले जवानही तेच लावतात कारण सरकारी वेळेवर येत नाहीत. खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. बाबांची चार घरात असतील तर कडेवरून बोट फिरवून बघा, आणि तो नंबर पुस्तकातल्या नंबराशी आकडा न् आकडा ताडून पाहा. मघाच्या हवालदाराची गोष्ट उगाच नाही सांगितली.

अर्ज बाबांच्या नावाने, त्यांच्या सहीने. हे महत्त्वाचं आहे. ते हयात आहेत तोवर ती त्यांची स्वतःची माहिती आहे, कोणी 'तुम्ही कोण' म्हणणार नाही. हिंदीत लिहिलात तरी चालेल. नाव आज गावात लिहितात तसं नको, पुस्तकात जसं आहे तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट. भरती करणाऱ्याने आपल्याकडच्या नावांचं काय काय केलंय ते सांगायला बसलो तर हे सदर पुरणार नाही. पत्ता 'ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स' असा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला. तुमचं यांतलं कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक प्रत घेऊन रत्नागिरीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्यांच्या कव्हरिंग लेटरने अर्ज पाठवायला सांगा. नुसत्या अर्जापेक्षा त्याला लवकर उत्तर येतं, असा माझा अनुभव आहे. बाबांना एसटीत बसवून नेऊ नका, ओळखपत्राची झेरॉक्स आणि सही पुरते. स्वतःही एक प्रत धाडा. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे जुन्या सवयीने खिडकीवर 'रजिस्टर करा' म्हणालात तरी स्पीड पोस्टच होईल. पावती पुस्तकातच ठेवा.

दोन-तीन महिने काही हाललं नाही, तर माहितीचा अधिकार. फौजेला तो लागू नाही असं गावोगाव सांगतात, ते चूक आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, ऑनलाइनही करता येतो. 'पदक का दिलं नाही' असा प्रश्न त्यात विचारू नका. 'का' ही माहिती नव्हे, असं म्हणून परत पाठवतात. शीट रोलची प्रत, अटॅचमेंटच्या पार्ट टू ऑर्डरीची प्रत, अमुक युनिटच्या 1971 च्या पदकांच्या नॉमिनल रोलमध्ये अमुक नंबर आहे की नाही, असं वस्तू मागितल्यासारखं मागा.

बाबा पेन्शनर आहेत हे तुमचं नशीब. पेन्शन न घेता लवकर सुटलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नियमानुसार नष्ट करतात, मागे उरतो फक्त लाँग रोल, त्यात एका माणसाला एक ओळ. तुमच्या गावच्या फलकावर असा कोणी असेल, तर त्याच्या पुस्तकातली शाई हाच त्याचा शेवटचा पुरावा आहे. त्याला सांगा, जपून ठेव.

काही गोष्टी मात्र करू नका. पुस्तकात पेनाने काहीही लिहू नका, कितीही खरं असलं तरी. मी एकाचं पुस्तक पाहिलंय ज्यात नातवाने निळ्या पेनाने 'पूर्वी स्टार' भरलं होतं. त्यानंतर त्या पुस्तकातलं खरंही कोणी धरेना. मूळ पुस्तक पोस्टाने पाठवू नका. आणि कुपनं लॅमिनेट करू नका, दुकानदार आग्रह करतो, पण गरम रोलरखाली पन्नास वर्षांची शाई काय करेल याचा नेम नाही. झेरॉक्सवर फिका जांभळा शिक्का उमटतच नाही. दिवसाउजेडी पडवीत ठेवून मोबाईलने रंगीत फोटो काढा आणि प्रिंट घ्या.

एक काम अर्जाच्याही आधीचं. बाबांना 'लढाईत काय झालं' असं विचारू नका, ते 'काही नाही' म्हणतील. गाडी कुठली होती विचारा. शेजारी कोण बसायचा. पहिली नदी कुठे लागली, पूल होता की तराफा. रेशन कोणाला उतरवून दिलं. ड्रायव्हरीवरच्या माणसाला तारीख आठवत नाही, पण रस्ता आठवतो. ते बोलतील तसं लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत, खाली सही. बरोबरचा कोणी हयात असेल तर गणपतीत मुंबईहून गावी येईलच, त्याचंही लिहून घ्या. साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्राला रेकॉर्डवाले फारसा भाव देत नाहीत, पण त्याने सांगितलेल्या युनिटच्या नावाला देतात.

हे सगळं करूनही नाही म्हणाले, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. पण तिकडे जायच्या आधी मला पुन्हा लिहा, आलेल्या उत्तराची प्रत जोडून. नकाराच्या पत्रातच पुष्कळदा पुढचा रस्ता लिहिलेला असतो.

फलकाचं म्हणाल, तर पंचायतीने थांबायचं कारण नाही. '1963 ते 1979' हे पुस्तकात आहे, ते आज लिहिता येतं. पुढे चार बोटं जागा सोडायला सांगा. रंगारी तसाही पुन्हा बोलवावा लागतो, पावसाळ्यानंतर आपल्याकडे कुठला फलक धड राहतो?

प्रश्न : माझे पती नौदलात होते, 1971 साली विक्रांतवर. 2016 मध्ये वारले. त्यांच्या कागदांत पूर्वी स्टारची नोंद नाही. ती करून घेतली तर माझी फॅमिली पेन्शन वाढेल, असं एकाने सांगितलं. तो 5,000 रुपये मागतो आहे. द्यावे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : देऊ नका. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम, ही लढाईत हजर असल्याची पदकं, त्यांना एक पैसाही जोडलेला नाही. दरमहा भत्ता आहे तो शौर्यपदकांना : 2017 मध्ये केंद्राने तो परमवीर चक्राला 20,000, महावीर चक्राला 10,000, वीर चक्राला 7,000 आणि शौर्यासाठीच्या सेना किंवा नौसेना मेडलला 2,000 रुपये केला. तुमच्या पेन्शनचा स्टारशी संबंध नाही.

नोंद मात्र मागा, ती पैशासाठी नसतेच. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती, हे जगजाहीर आहे. पती त्या महिन्यात तिच्यावर होते एवढंच दाखवायचं आहे. खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, ब्यूरो ऑफ सेलर्समध्ये. पत्नी म्हणून तुम्ही स्वतः अर्ज करा, मृत्यूचा दाखला आणि तुमचा पीपीओ जोडा. अर्ज पोस्टाने जातो. त्या गृहस्थांच्या 5,000 रुपयांत मालवण ते मानखुर्द तुम्हाला स्वतःला जाऊन येता येईल, मुलीकडे चार दिवस राहून, आणि जाताना सोबत सुके बांगडेही नेता येतील.